निळ्या अल्बमच्या दोन प्रती

३ फेब्रुवारी

भावजी,

खुशाली विचारण्यात अर्धं पान घालवत नाही. एकोणतीस वर्षांनी पत्र आलं म्हणजे काम असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तुमचे दादा जाऊन पुढच्या आठवड्यात अकरा महिने होतील. तेव्हा तुम्ही आला नाहीत, दोन ओळी पाठवल्यात. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, एवढं माझ्या लक्षात आहे.

आता कामाचं. ह्यांच्या त्या लाडक्या चौकडीचा, म्हणजे लांब केस, घट्ट विजारी आणि कान किटवणारी गिटार, सगळा संसार मागच्या खोलीत आहे. मी मोजला. रेकॉर्डी एकशे शहाऐंशी. अल्बम मात्र अकराच. एकाच अल्बमच्या सोळा-सोळा प्रती कशाला लागतात हे मी लग्न झाल्यापासून विचारत होते. "हिचा कागद जाड आहे, हिच्यावर छपाईची चूक आहे" अशी उत्तरं मिळायची. शिवाय तेवीस पोस्टर, बिल्ले, मैफलीच्या तिकिटांचे फाटके तुकडे आणि काचेच्या नळीत ठेवलेली ड्रमची अर्धी मोडकी काठी. ती काठी माझ्या चष्म्यापेक्षा जपून ठेवलेली होती.

हे सगळं मी आमच्या कॉलेजच्या संगीत विभागाला देते आहे. ते एका खोलीला ह्यांचं नाव देणार आहेत, दारावर पाटी लागेल. अट एकच, यादी पुरी हवी. मी तेहतीस वर्षं तिथे ग्रंथपाल होते. यादी पुरी असणारच. फक्त एक वस्तू अडली आहे. कपाटाच्या अगदी वर खाकी कागदाचं पुडकं सापडलं. सुतळीच्या गाठीवर लाख, आणि वर ह्यांच्या अक्षरात: "धाकट्यानेच सोडावे." तारीख तुम्ही बोलणं टाकलंत त्याच आठवड्यातली.

दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी फोडत नाही. या, सोडा, आणि यादीत काय लिहायचं ते सांगा. फोन नंबर खाली दिला आहे.

वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, 'शांतता राखा'च्या पाटीसारखं. वाचताना पाठ ताठ झाली.

मी येणार नाही. पुडक्यात काय आहे ते मला न बघता ठाऊक आहे. निळा अल्बम.

तुम्हाला आमचं भांडण नुसतं 'रेकॉर्डवरून झालं' एवढंच माहीत असेल. सगळं ऐका. निळ्या अल्बमची अगदी पहिली खेप कारखान्याने आठवड्यात परत बोलावली होती, कारण तिच्यात एक चूक राहिली होती. सुटल्या त्या थोड्याच प्रती. त्यातली एक जहाजावरच्या बिनतारी यंत्रवाल्याकडे होती. मी त्याला माझा कॅमेरा देऊन ती घेतली. माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतंच. ती घेऊन आधी पळत कुणाकडे गेलो? दादाकडे. चुलतभाऊ असला तरी ह्या वेडात सख्ख्याहून सख्खा. त्याच्याकडे साधी प्रत होती. आम्ही दोन्ही आलटून पालटून लावल्या, कॅसेटवर उतरवून घेतल्या, आणि माझं कव्हर काखोटीला मारून मी घरी आलो. दोन दिवसांनी लावली तर आत साधी. कव्हर माझं, कोपऱ्यावर कपाचा डाग असलेलं, रेकॉर्ड त्याची.

मी विचारलं. तो म्हणाला, "मी घेतलेली नाही." मी म्हणालो, "मग कपाट उघडून दाखव." तो म्हणाला, "मी चोर नाही हे सिद्ध करायला मी कपाट उघडणार नाही." झालं.

तुम्हीच फोडा ते पुडकं. आणि कृपा करून फोन करू नका. काय असेल ते पत्राने.

धाकटा

१६ फेब्रुवारी

भावजी,

फोन करू नका, हे वाचलं. ठीक. ज्याला वहिनीचा आवाजसुद्धा कानावर नको आहे त्याला मी तो ऐकवणार नाही.

तुमच्या दादांबद्दल. ज्या माणसाने कचेरीतली पेन्सिल चुकून खिशात राहिली म्हणून पावसात परत जाऊन ती टेबलावर ठेवली, तो भावाची रेकॉर्ड लांबवील? तुम्हाला यंत्रवाल्याने फसवलं असेल. किंवा घरी जाताना तुम्हीच कुठेतरी घोळ घातला असेल. तुमचा वेंधळेपणा तेव्हा घरात प्रसिद्ध होता. डाव्या पायात एक आणि उजव्यात दुसरीच चप्पल घालून तुम्ही मुलाखतीला गेला होतात.

त्या संध्याकाळचं मी काही सांगू शकत नाही. ग्रंथालयाची वार्षिक तपासणी चालू होती. मी परतले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. घरात असते तर असा गोंधळ होऊच दिला नसता.

पुडकं मी फोडणार नाही. वर नाव तुमचं आहे. पण कार्डावर नोंद लागेल, म्हणून ती पहिल्या खेपेची रेकॉर्ड ओळखायची कशी ते नीट लिहा. "ऐकलं की कळतं" असलं उत्तर नको.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

तुम्ही नव्हता म्हणता तर नसालच. माझ्या आठवणीत आपण तिघं जेवलो होतो, पण मी तेव्हा दर आठवड्याला तुमच्याकडेच जेवायचो, कुठल्या तरी दुसऱ्या दिवसाचं जेवण असेल. तुमची नोंद चुकल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. आणि चपला दोन्ही तपकिरी होत्या, हे कुणी सांगत नाही.

ओळखायची अशी. दुसरी बाजू वर करा. खाचा संपतात आणि मधला कागद सुरू होतो त्यांच्यामध्ये काळी गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर हाताने कोरलेला आकडा दिसेल. आकड्याच्या शेवटी नखाएवढा त्रिकोण असेल तर ती पहिली खेप. नसेल तर साधी.

आणि ऐकलं की खरंच कळतं. त्या बाजूच्या शेवटच्या गाण्याआधी ढोलवाला काठीवर काठी आपटून चार मोजतो. पहिल्या खेपेत तिसऱ्या मोजणीला त्याची काठी हातातून सुटते आणि जमिनीवर पडते. कुणीतरी हसतं. मग तो पुन्हा एकपासून मोजतो. पुढच्या सगळ्या खेपांत हे कापून टाकलं आहे. एवढंच. एवढ्यासाठी कॅमेरा. ती काठी पडताना मी अकरा वेळा ऐकली होती. बारावी वेळ दादाबरोबर.

सोबत लेखी परवानगी: मी, धाकटा, माझ्या नावचं पुडकं सोडण्याचा अधिकार वहिनींना देत आहे. साक्षीदार लागत असेल तर शेजारपाजारचं कुणी बोलवा.

माझं म्हणाल तर ॲम्प्लिफायर-दुरुस्तीचं दुकान बंद केलं. कंटाळा आला.

धाकटा

९ मार्च

भावजी,

पुडकं काल सोडलं. शेजारच्या दंतवैद्य बाई साक्षीला होत्या. गाठ त्यांनी त्यांच्या कात्रीने कापली, लाख न मोडता.

आत तीन वस्तू. निळा अल्बम, ह्यांचा. कव्हराच्या पाठीवर ह्यांची सही आहे. एक कॅसेट. आणि एक चिठ्ठी: "धाकट्या, मी कव्हर उघडून पाहिलेलं नाही. तूच पाहा."

मी पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं, मग बाईंना पाहायला लावलं. त्रिकोण आहे.

मला दुसरा अर्थ लावता येत नाही. तुमची रेकॉर्ड ह्यांच्या कव्हरात होती, आणि कव्हर ह्यांच्या कपाटात. "पाहिलेलं नाही" असं लिहून ठेवलं, तेही मला खरं वाटत नाही. ज्या माणसाला मी पस्तीस वर्षं ओळखत होते असं धरून चालले होते, त्याच्याबद्दल हे लिहावं लागतंय, म्हणून लिहिते. तुम्ही खरं बोलत होतात. तुमच्या दादांच्या वतीने मी माफी मागते.

कॉलेजला कळवलं आहे की वस्तू येतील, पण दारावर नाव नको. पाटी रंगवायला गेली होती, ती थांबवली. कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

रेकॉर्ड तुमची, तुम्हाला पाठवते. कॅसेटही पाठवते, माझ्याकडे ती लावायला यंत्र नाही आणि मला ती ऐकायचीही नाही. तुम्ही लावून बघा. पत्ता तोच ना?

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. एकोणतीस वर्षं मी त्या आनंदाची तयारी करत होतो. प्रत्यक्षात मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि दोन आठवडे ते तिथेच होतं.

काही पाठवू नका. पाठवून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही.

दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावाही त्याच्या मागोमाग. यंत्र लावलं की भांडी पडल्यासारखा नुसता खणखणाट होतो, शब्द कळत नाहीत. फोनवर तर काहीच नाही. दुकान कंटाळून बंद केलं नाही. आवाज दुरुस्त करणाऱ्याला आवाज कळेनासा झाला, म्हणून केलं. फोन नको म्हणालो तो राग नव्हता, वहिनी. हे कुणाला सांगितलेलं नाही. दादा गेला तेव्हा आलो नाही तेही त्याचमुळे. लोक सांत्वनाचं काहीबाही बोलणार आणि मी भलत्याच ठिकाणी मान हलवणार.

आता सांगतोच आहे तर आणखी एक. भांडणानंतर महिन्याभराने दादाचं पत्र आलं होतं. एकच ओळ: "ये आणि सोड." कशाबद्दल ते मला बरोबर कळलं होतं. मी गेलो नाही. त्याच्या कव्हरात त्रिकोण निघाला नसता तर मी खोटा ठरलो असतो. त्यापेक्षा तो चोर राहिलेला मला बरा वाटला. तेव्हा माफी तुम्ही एकट्यानेच मागायची असं काही नाही.

पाटी थांबवायची घाई केलीत. रेकॉर्ड दादाने घेतली असेल तर घेतली असेल. आपल्याच भावाने ठेवून घेतली, परक्याने नाही.

एक काम कराल? तुम्हाला ते गाणं म्हणजे आरडाओरडा वाटतो, माहीत आहे. पण कॅसेट तुम्ही ऐका आणि जे असेल ते मला लिहून पाठवा. आम्ही ती केबल जोडून केली नव्हती, स्पीकरसमोर माइक धरून केली होती. खोलीतलं सगळं त्यात आलं असणार. दादाचा आवाज असेल. तो काय बोलला ते लिहा. तुम्ही लिहाल ते अक्षरशः असेल, म्हणून तुम्हालाच सांगतो.

धाकटा

६ एप्रिल

भावजी,

दंतवैद्य बाईंच्या वडिलांचा जुना टेपरेकॉर्डर मिळाला. कॅसेट मी तीन वेळा ऐकली, हातात पेन्सिल घेऊन. जे आहे ते असं.

सुरुवातीला खुर्ची सरकते. तुमचे दादा: "हं, आता गप्प बस." तुम्ही गप्प बसत नाही, काहीतरी कुरकुरीत खात आहात. "अरे, ते खाणं बंद कर, माइकमध्ये येतंय." मग गाणी. ती मी लिहीत नाही, ती तुम्हाला पाठ आहेत. आरडाओरडा आहे हे माझं मत कायम आहे, पण तिसऱ्या ऐकण्यात मला त्यात चाल सापडली, हेही नोंदवते.

एकोणिसाव्या मिनिटाला मोजणी येते. एक. दोन. मग लाकूड लाकडावर पडल्याचा आवाज, मागोमाग ते घरंगळत गेल्याचा. ते काठी पडल्यासारखं नाही, लाटणं हातातून निसटल्यासारखं वाटतं. एक माणूस हसतो, नाकातून. त्याच्यावर तुमचे दादा हसतात. मग तुम्ही. तिघं एकदम. तुमचे दादा म्हणतात, "ह्याला म्हणतात माणसाने वाजवलेलं." असं हसताना मी त्यांना फार वेळा ऐकलेलं नाही.

नंतर साधी प्रत लागते. तिच्यात काठी पडत नाही. तुम्ही म्हणता, "बघ, किती ओकंबोकं वाटतं." दादा: "पुन्हा तुझी लाव." असं दोनदा झालं.

बेचाळिसाव्या मिनिटाला दार वाजतं. पुढचं अक्षरशः देते.

एक बाई: "अजून तेच चालू आहे? तपासणी करून जीव दमलाय माझा. उठा दोघं, पानं वाढली आहेत."

दादा: "आलोच. एवढ्या रेकॉर्डी आत ठेवतो."

बाई: "तुम्ही ठेवाल तोवर सगळं गार होईल. हात धुवा, मी ठेवते."

दादा: "अगं थांब, त्यातली एक धाकट्या..."

बाई: "दोन्ही निळ्याच आहेत. मला रेकॉर्ड कव्हरात घालता येत नाही का?"

मग कागदाची सळसळ. एकदा, आणि पुन्हा एकदा. तुम्ही लांबून काहीतरी विचारता, पाण्याच्या आवाजात कळत नाही. दादा अगदी माइकजवळ, हळू: "जाऊ दे." बटण दाबल्याचा आवाज. संपलं.

ही बाई कोण, असा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकताना दोन सेकंद पडला. नंतर नाही.

मी घरी होते. तुम्ही म्हणालात ते बरोबर, आपण तिघं जेवलो होतो. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या दोन प्रती आल्या की त्या कुठल्या वेष्टनात जातात ह्याने काही बिघडत नाही. पुस्तक एकच. माझ्या लेखी तेही तसंच होतं. मी न बघता भरल्या, आणि भरल्या हेही विसरले, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं मला काही वाटलं नाही.

ह्यांना संशय आला असणार. म्हणून कव्हर उघडलं नाही, आणि म्हणून वर लिहिलं, धाकट्यानेच सोडावे. मी ऐकू नये म्हणून. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर जेवले आणि एका शब्दाने बोलले नाहीत. ह्याबद्दल मी त्यांच्यावर रागावले आहे, आणि तो राग कुणावर काढायचा हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला कॅसेट ऐकू येणार नव्हती. मी हा भाग गाळला असता तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. म्हणून आधी तो लिहायला घेतला, बाकीचं नंतर.

भावजी, चूक माझी. ह्या वेळी कुणाच्या वतीने नाही.

काल कॉलेजात जाऊन आले. पाटी पुन्हा रंगवायला दिली, आणि ह्या खेपेला कारणही सांगितलं. प्राचार्यबाई आमच्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी; त्यांना हसू आवरत नव्हतं, मीही ते आवरायला लावलं नाही. यादीत निळ्या अल्बमची कार्डं आता दोन आहेत. एकावर "त्रिकोण नाही. सध्या धाकट्या भावाकडे." दुसऱ्यावर "त्रिकोण आहे. मालक: धाकटा भाऊ. देणगीत नाही."

आता ऐका. ह्यांचा तो कपाटाएवढा लाकडी स्पीकर अजून मागच्या खोलीत आहे. काल मी कानात कापसाचे बोळे घातले, वरून मफलर बांधला, तुमची रेकॉर्ड लावली आणि स्पीकरवर तळहात ठेवला. मोजणी हाताला कळते. एक, दोन, आणि मग काठी पडल्याचा धक्का, अंगठ्याखाली. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा कळलं. दंतवैद्य बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि माझी प्रकृती विचारायला आल्या.

तुमचं कव्हर घेऊन या. तुम्ही कुठे मान हलवता ते इथे कुणी बघणार नाही. बोलायचं ते मी पाटीवर लिहीन. अक्षर तुम्हाला वाचता येतं.

वहिनी

१२ एप्रिल

वहिनी,

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. कव्हर आणि त्यातली दादाची प्रत बरोबर आणतो. दाराची घंटा वाजवून मी बाहेर उभा राहीन. तुम्ही आतून "कोण आहे" विचारत बसू नका, सरळ उघडा.

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पण "तिघं एकदम" ह्या ओळीशी आलो की दर वेळी ऐकू येतं.

कुरकुरीत ते भाजलेले दाणे होते. आणतो.

एकच अट. रेकॉर्डी बाहेर काढा, हव्या तितक्या लावा, वाटेल तेवढा आरडाओरडा म्हणा. पण त्या परत कव्हरात घालायच्या वेळी तुम्ही पानं वाढायला जायचं. त्या मी ठेवीन.

धाकटा